घटकेनंतर प्रहराचा टोला : आभासी यंत्रांतील घड्याळांची पूर्वपीठिका

२०२५ च्या जानेवारीत केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध केला. कायदा, प्रशासन, व्यापार आणि वित्त या क्षेत्रांतील नोंदींसाठी भारतीय प्रमाणवेळ हीच आधारभूत मानावी, हा त्याचा आशय. तेव्हा एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, प्रत्येकाच्या मोबाइलवर वेळ तर एकच दिसते, मग नियम कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे की, आपल्या व्यवहारांच्या वेळा लिहिणारी पुष्कळशी घड्याळे आज भिंतीवरही नाहीत आणि मनगटावरही नाहीत. ती आभासी यंत्रांच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत आहेत. एका सामर्थ्यवान संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक संगणक 'उभे' केले जातात. खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आत उभ्या केलेल्या प्रत्येकाला पाहुणा. प्रत्येक पाहुण्याची समजूत अशी की, प्रोसेसर, स्मृती, घड्याळ हे सारे आपल्या एकट्याच्या मालकीचे आहे. वस्तुतः यजमान त्याला काही क्षण प्रोसेसर देतो, मग काढून घेतो आणि दुसऱ्याला देतो. हिरावलेल्या क्षणांत पाहुणा अक्षरशः निद्रिस्त असतो, आणि आपण झोपलो होतो याची त्याला जाणीवही नसते.

झोपलेल्याला जाग आल्यावर किती वाजले हे कसे कळावे? या प्रश्नाचा शोध घेताना मी ज्या गावापाशी पोहोचलो, ते संगणकाच्या इतिहासात कुठेही आढळणार नाही. त्याचे नाव एरच.

एरचच्या वाटेवरचा बादशहा

माझे आजोळ झाशीचे. झाशी, गुरसराय, जालौन या टापूत पेशवाईच्या काळापासून स्थिरावलेली मराठी घराणी आहेत, त्यांपैकीच एक. लहानपणी फाल्गुनात आम्ही एकदा एरचला गेलो होतो. झाशीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, बेतवा नदीच्या काठी वसलेले हे जुने गाव. हिरण्यकशिपूची राजधानी हीच आणि पहिली होळी पेटली तीही इथेच, अशी तिथली लोकश्रद्धा. दिवसा मरण नको, रात्री नको, असा वर मागणाऱ्या राजाचा शेवट संधिकाली झाला, ही कथा आजोबांनी मला तिथेच नदीकाठी सांगितली होती.

पुढे 'बाबरनामा' वाचताना हेच गाव पुन्हा भेटले. १५२८ च्या आरंभी चंदेरीवर चाल करून जाताना बाबर एरचवरून गेला. त्याच्या लेखनात हे नाव 'इरिज' अशा रूपात येते. मात्र मला थांबवून ठेवले ते त्याच ग्रंथातील दुसऱ्या एका भागाने. हिंदुस्थानाचे वर्णन करताना बाबराने इथल्या कालमापनाची नोंद केली आहे. दिवस-रात्रीचे साठ भाग, प्रत्येक भाग एक घटका, म्हणजे आपली २४ मिनिटे. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार प्रहर. मोठ्या नगरांत यासाठी नेमलेले घडियाली असत. तळाला छिद्र असलेले पात्र ते पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटका झाली. मग उंच टांगलेल्या पितळी थाळीवर टोला. दुसऱ्यांदा बुडाले की दोन टोले, तिसऱ्यांदा तीन. प्रहर संपला की जलद टोल्यांची मालिका, क्षणभर विराम, आणि मग कितवा प्रहर संपला तितके टोले. नवा प्रहर सुरू झाला की घटकांची गणती पुन्हा एकपासून.

आपला 'घड्याळ' हा शब्द याच कुळातला. लग्नघरी मुहूर्तासाठी मांडलेले घटिकापात्र आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेले असते, आणि 'घटकाभर बसा' असे आपण आजही म्हणतो.

बाबराला या व्यवस्थेतला दोष जाणवला. प्रहराची खूण केवळ प्रहर संपतानाच वाजे. मध्यरात्री कुणाला जाग आली आणि तीन टोले ऐकू आले, तर तिसरी घटका हे कळे. पण ती दुसऱ्या प्रहराची की तिसऱ्या प्रहराची, हे कळायला मार्ग नसे. म्हणून त्याने हुकूम काढला : रात्री आणि ढगाळ दिवशी, घटकेचे टोले दिल्यावर थोडे थांबून चालू प्रहराचेही टोले द्यावेत. व्यवस्था उत्तम चालली, अशी समाधानाची नोंदही त्याने केली आहे. हा हुकूम एरचमध्ये निघाला असे नव्हे; तो हिंदुस्थानाच्या सर्वसाधारण वर्णनात येतो. परंतु एरचवरून गेलेल्या या प्रवाशाने एका वाक्यात जे ओळखले होते, ते संगणकशास्त्राला विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा शिकावे लागले.

दोन प्रकारच्या चुका

पाण्याच्या घड्याळात दोन निरनिराळ्या चुका संभवतात. पहिली गतीची. छिद्रात कचरा अडकला की पात्र सावकाश भरते. भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे : मोती ओघळून घटिकापात्राच्या छिद्रात अडकला आणि मुहूर्त टळला. फैजीने १५८७ मध्ये केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत ती आढळते. ही गतीच्या चुकीची कथा होय.

दुसरी चूक गणतीची. पात्र अचूक आहे, पाणी निर्मळ आहे, पण घडियालीला डुलकी लागली. पात्र बुडाले आणि तळाशी तसेच पडून राहिले. जागा झाल्यावर त्याने ते पुन्हा सोडले आणि पुढचा टोला दिला. आता सारे नगर मागे पडले, आणि मागे पडल्याचे त्या टोल्यांवरून कुणालाच कळणार नाही.

हा भेद मनात ठेवावा. संगणकातील घड्याळाची पुढली सारी कथा या दोन चुकांभोवती फिरते.

टोले मोजणारा संगणक

संगणकात कालमापनाचा आधार असतो क्वार्ट्झचा स्फटिक. त्याची कंपने ठरावीक गतीने होतात, पण स्फटिकागणिक आणि तापमानागणिक ती किंचित बदलतात. साध्या स्फटिकात दशलक्षात काही दशके भाग एवढी तफावत सहज असते. दशलक्षात ५० भाग म्हणजे दिवसाला चार सेकंदांहून अधिक. ही गतीची चूक.

गणतीचे काम कार्यप्रणालीकडे असे. जुन्या पीसीतील कालमापक चिप सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ स्पंदने मोजत असे आणि ठरवून दिलेल्या संख्येनंतर प्रोसेसरला एक टोला देत असे. लिनक्समध्ये पीसीवर दीर्घकाळ सेकंदाला १०० टोले पडत. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीत ते १,००० झाले. प्रत्येक टोल्यासरशी कार्यप्रणाली वेळ एका पायरीने पुढे सरकवी. घडियालीचीच ही पद्धत.

खऱ्या यंत्रावर ती बऱ्यापैकी चालते, कारण प्रोसेसर सतत हजर असतो. पाहुण्या यंत्रात मात्र गृहीतकच कोसळते. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीचे पहिले उत्पादन बाजारात आले आणि साध्या पीसीवर आभासी यंत्रे उभी राहू लागली, तेव्हा ही अडचण घरोघरी पोहोचली. एका यजमानावर दहा पाहुणे आणि प्रत्येकाला सेकंदाला १,००० टोले हवेत, म्हणजे यजमानाला सेकंदाला १०,००० वेळा हातचे काम टाकून टोले वाटावे लागणार. पाहुणा झोपलेला असताना पडलेले टोले वाया जात. परिणामी पाहुण्याचे घड्याळ मागे पडे, आणि यजमान जितका व्यग्र तितके अधिक मागे.

यावर यजमानाने उपाय योजला : हुकलेले टोले साठवून ठेवायचे आणि पाहुणा जागा झाला की भराभर देऊन बाकी फेडायची. पण काही कार्यप्रणाल्यांनी आधीच स्वतःची तजवीज करून ठेवली होती. टोला हुकला आहे असे दुसऱ्या एखाद्या गणकावरून लक्षात आले की त्या आपण होऊनच वेळ पुढे सरकवत. आता यजमान बाकी फेडी आणि पाहुणाही ती भरून घेई. एकाच तुटीची दोनदा भरपाई होऊन घड्याळ पुढे धावू लागे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. पण एकाने दुसऱ्याला काही सांगितलेले नसे.

गंमत अशी की, हा प्रश्न आभासी यंत्रांइतका जुना नव्हता. आयबीएमने १९६० च्या दशकात आभासी यंत्रांचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. त्या पिढीच्या सिस्टिम/३७० संगणकांत दिनमानाचे स्वतंत्र घड्याळ होते : १९०० च्या प्रारंभापासून किती काळ गेला, हे सांगणारा ६४ अंकस्थानांचा गणक. प्रोग्राम त्याला टोले मोजून दाखवत नसे. हवे तेव्हा विचारत असे. झोपून उठलेल्यालाही पूर्ण उत्तर मिळे. पीसीच्या रचनेत ही सोय सुरुवातीपासून नव्हती, म्हणून जुनाच धडा नव्याने गिरवावा लागला.

मोजू नये, विचारावे

पीसीच्या जगात विचारण्यासारखी पहिली गोष्ट आली ती १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरबरोबर. त्यात काळनोंद गणक होता, इंग्रजी आद्याक्षरांनी टीएससी म्हणून ओळखला जाणारा. प्रोसेसरच्या प्रत्येक आवर्तनासरशी तो एकाने वाढे आणि एका आज्ञेत वाचता येई. गणतीची चूक यातून सुटते, कारण पाहुणा झोपला तरी गणक चालूच राहतो.

पण गतीची चूक नव्या वेषात परतली. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपली गती कमी-अधिक करू लागले, तसा गणकही मंद-जलद होऊ लागला. अनेक गाभ्यांच्या यंत्रांत प्रत्येक गाभ्याचा गणक वेगळा आकडा दाखवी; एका गाभ्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या प्रोग्रामला काळ मागे गेल्याचा भास होई. २००७-०८ च्या सुमारास अचल गतीने चालणारे गणक असलेले प्रोसेसर आले आणि हा ताप बराचसा शमला.

तरीही एक अडचण उरली, आणि ती केवळ आभासी यंत्रांचीच आहे. पाहुण्याला चालू अवस्थेतच एका यजमानावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येते. २००५ मध्ये केंब्रिजच्या झेन प्रकल्पातील संशोधकांनी दाखवले की, खेळ चालू असलेला सर्व्हर अवघ्या ६० मिलिसेकंदांच्या खंडाने हलवता येतो आणि खेळणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. नव्या यजमानाचा स्फटिक निराळा, प्रोसेसरची गती निराळी, गणकाचा आकडाही निराळा. पाहुण्याच्या दृष्टीने रात्रीत घटिकापात्रच बदलले.

यावर जो तोडगा निघाला, त्यात बाबराचा हुकूम जसाच्या तसा दिसतो. झेनमध्ये, आणि २००८ पासून लिनक्सच्या केव्हीएम प्रणालीत, यजमान आणि पाहुणा यांच्यात स्मृतीचे एक पान सामाईक ठेवले जाते. यजमान त्यावर चार गोष्टी लिहितो : अमुक क्षणी वेळ किती होती, त्या क्षणी गणकाचा आकडा किती होता, गणकाचे आकडे कालावधीत बदलण्याचा गुणक कोणता, आणि या नोंदीचा अनुक्रमांक. पाहुण्याला वेळ हवी असली की तो स्वतः गणक वाचतो, नोंदीतला आकडा वजा करतो, गुणकाने गुणतो आणि यजमानाने लिहिलेल्या वेळेत मिळवतो.

यजमानाने लिहिलेली वेळ हा प्रहर. त्यानंतरची गणकाची वाढ ही घटका. दोन्ही मिळून पूर्ण उत्तर. पाहुणा कितीही झोपला तरी बिघडत नाही. त्याला टोले मोजायचेच नाहीत. नव्या यजमानावर गेला की पानावर नवी वेळ, नवा आकडा आणि नवा गुणक लिहिला जातो. अनुक्रमांकाची योजनाही सुबक आहे. लिहिणे चालू असताना तो विषम ठेवतात, पूर्ण झाल्यावर सम. पाहुणा वाचण्यापूर्वी आणि वाचल्यानंतर तो पाहतो. विषम असला किंवा मध्येच बदलला, तर पुन्हा वाचतो. अर्धवट पुसलेल्या फळ्यावरून कुणी वेळ उतरवून घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या जोडीला यजमान आणखी एक नोंद ठेवू लागला : पाहुणा काम करायला तयार असतानाही त्याला किती काळ प्रोसेसर मिळाला नाही. तिला 'चोरीचा काळ' असेच नाव पडले आहे. शिवाय पाहुण्याला मुद्दाम थांबवून ठेवले असेल, तर तसे कळवणारी खूणही पानावर असते. नाहीतर जागा झालेला पाहुणा आपणच अडकून पडलो होतो असे समजून धोक्याची घंटा वाजवतो. या सगळ्यांत मला मोलाची वाटते ती एक गोष्ट. यंत्रे अधिक अचूक झाली म्हणून प्रश्न सुटला नाही. 'तू झोपला होतास' हे यजमानाने पाहुण्याला सांगायला सुरुवात केली, तेव्हा तो सुटू लागला.

माझा खोटा शोध

हे सारे मी पुस्तकातून शिकलो नाही. डॉक्टरेटच्या काळात मी एका तरुण पल्सारच्या स्पंदनांच्या आगमनवेळा तपासत होतो. पल्सार म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याची स्पंदने घड्याळासारखी नियमित. क्वचित एखादा तरुण पल्सार अकस्मात किंचित वेगाने फिरू लागतो. या घटनेला ग्लिच म्हणतात, आणि तिच्यावरून ताऱ्याच्या अंतरंगाचा अदमास बांधता येतो. वेला पल्सारच्या मोठ्या ग्लिचमध्ये वेगवाढ दशलक्षात एक भाग, या श्रेणीची असते.

एका पहाटे माझ्या आलेखात नेमकी तशीच वाढ दिसली. स्पंदने दर रात्री अपेक्षेपेक्षा अधिकाधिक लवकर येत होती. मी मार्गदर्शकांना कळवले, तातडीच्या निवेदनाचा मसुदा लिहिला, घरी आईलाही सांगून टाकले. दुसऱ्या एका दुर्बिणीची राखीव वेळ मागून घेण्याची बोलणीही सुरू झाली. त्यासाठी कुणाचा तरी पूर्वनियोजित प्रकल्प मागे ढकलावा लागणार होता.

निवेदन पाठवण्याच्या आदल्या रात्री एक विसंगती लक्षात आली. एकाच रात्रीच्या नोंदीत मोजलेला आवर्तनकाल जुनाच होता. बदल दिसत होता तो फक्त दोन रात्रींच्या दरम्यान. मग त्याच रात्री निरीक्षण केलेला दुसरा पल्सार तपासला. त्यातही तितकीच 'वेगवाढ'. एकमेकांपासून हजारो प्रकाशवर्षे दूर असलेले दोन तारे एकाच रात्री सारखेच बदलत नसतात. बदलले होते आमचे घड्याळ.

कारण असे निघाले. नमुने घेण्याची लय रुबिडियमच्या अणुघड्याळावर चालत होती आणि ती निर्दोष होती. पण प्रत्येक नोंदीच्या प्रारंभाची वेळ लिहिणारा नियंत्रक प्रोग्राम एका आभासी यंत्रात ठेवला होता. देखभालीसाठी ते यंत्र एका रात्री दुसऱ्या यजमानावर हलवले गेले, आणि या नव्या यजमानाचे घड्याळ कुणी मिळवलेलेच नव्हते. यजमान सांभाळणाऱ्यांची समजूत, वेळ पाहुणा मिळवतो. पाहुणा सांभाळणाऱ्यांची, म्हणजे आमची समजूत, ती यजमान मिळवतो. घटका अचूक होत्या. प्रहर चुकला होता. दोन साध्या स्फटिकांच्या गतींतला दशलक्षात एका भागाचा फरक म्हणजे दिवसाला सुमारे ८६ मिलिसेकंद. तेवढ्याने माझ्या आलेखात एक तारा फिरवला.

संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. चूक आम्हा सर्वांची होती. निवेदन फाडून टाकताना शरम वाटली, त्याहून अधिक भीती वाटली. पल्सार दोन होते म्हणून चूक उघडी पडली. एकच असता तर?

वेळ कोणाची?

पाहुण्याला यजमानाने सांगायचे. पण यजमानाला कोणी सांगायचे? ही साखळी कुठेतरी टेकावी लागते, आणि कुठे टेकवायची हा केवळ तंत्राचा प्रश्न कधीच नव्हता. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या शासनाने शहराची स्थानिक वेळ बाजूला सारून रेल्वेची मद्रास वेळ लागू करण्याचा प्रयत्न केला. विरोध एवढा झाला की १८८३ मध्ये माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्यामागे ३९ मिनिटे चालणारी 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. सूर्य डोक्यावर येण्याची वेळ आपली, आणि घड्याळातली वेळ मात्र कुणा दुसऱ्याने ठरवलेली, हे लोकांना सहजासहजी मानवले नाही. पुढे मानवले, कारण सामाईक वेळेचा लाभ पटला.

आज भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिथली सीझियम घड्याळे आणि हायड्रोजन मेसर जागतिक समन्वित वेळेशी काही नॅनोसेकंदांच्या मर्यादेत जुळलेले असतात. तिथून ही वेळ अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील पाच वैधमापन प्रयोगशाळांपर्यंत नेऊन देशभर वितरित करण्याचा प्रकल्प ग्राहक व्यवहार विभाग, ही प्रयोगशाळा आणि इस्रो यांनी हाती घेतला आहे. उपग्रहांवरील घड्याळांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. आपल्या दिशादर्शक मालिकेतील पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडली होती. २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या एनव्हीएस-०१ वर अहमदाबादेत विकसित झालेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवले गेले.

प्रयोगशाळेतून संगणकापर्यंत वेळ पोहोचते ती बहुधा जाळ्यावरून, डेव्हिड मिल्स यांनी घडवलेल्या एनटीपी या संकेताने. १९८५ मध्ये त्याची पहिली औपचारिक मांडणी झाली. कल्पना साधी आहे. 'किती वाजले?' असा निरोप पाठवायचा, निघण्याची आणि उत्तर परत येण्याची वेळ टिपायची, आणि जाण्यायेण्याला सारखाच काळ लागला असे मानून मधला फरक काढायचा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने देशातील संगणकप्रणालींना राष्ट्रीय सूचना केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा तिच्याशी जोडलेल्या वेळेशी, घड्याळे जुळवणे बंधनकारक केले आहे.

पण एनटीपीचे हे गृहीतक आभासी यंत्रात लंगडे पडू शकते. निरोप पाठवला आणि पाहुणा झोपला; उत्तर केव्हाच दाराशी आले होते, पण टिपले गेले जाग आल्यावर. जाण्यायेण्याची समता बिघडली, फरक चुकीचा निघाला, आणि चांगले घड्याळ 'दुरुस्त' होऊन बिघडले. म्हणूनच २०१७ पासून लिनक्समध्ये अशी सोय आहे की, केव्हीएमवरील पाहुणा जाळ्यावर न जाता यजमानाचे घड्याळ थेट वाचू शकतो. अर्थात त्यासाठी यजमानाचे घड्याळ खरे असावे लागते, आणि ते खरे ठेवण्याची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरलेले असावे लागते.

शेवटचा टोला

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. समजा, एखाद्याच्या बँकखात्यातून पैसे गेले. तक्रार आधी नोंदली गेली की व्यवहार आधी पूर्ण झाला? एक नोंद एका आभासी यंत्रातली, दुसरी दुसऱ्या. दोहोंमध्ये अंतर काही मिलिसेकंदांचे, आणि त्यांतले एक यंत्र त्या रात्री हलवले गेलेले. न्यायालयासमोर येतील ते दोन आकडे. त्यांच्यामागची झोप तिथे दिसणार नाही. माझ्या प्रकरणात फार तर एक चुकीचे निवेदन गेले असते. इथे एखाद्याची आयुष्यभराची पुंजी आणि एखाद्याची निर्दोषता पणाला लागलेली असते.

म्हणून नियम आवश्यक आहे. मात्र तो पुरेसा नाही. दिल्लीतील अणुघड्याळापासून यजमानापर्यंतची साखळी कायद्याने घट्ट करता येईल. यजमानापासून पाहुण्यापर्यंतचे शेवटचे वीतभर अंतर मात्र ती यंत्रे सांभाळणाऱ्या माणसांच्या हाती आहे. पाहुण्याचे घड्याळ कोण मिळवतो, तो झोपला होता याची नोंद राहते का, आणि ती नोंद वेळेसोबत जतन होते का, हे तीन प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावेत. आम्ही ते विचारले असते, तर एका खोट्या ग्लिचपायी कुणाच्या हक्काच्या दुर्बिणवेळेवर डोळा ठेवला नसता.

विद्यार्थिमित्रांसाठी एक छोटा अभ्यास. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, आणि एका रेखांशाला चार मिनिटे लागतात. एरच सुमारे ७९.१ अंशांवर आहे. म्हणजे तिथला सरासरी सूर्य आपल्या घड्याळांच्या मागे साडेतेरा मिनिटांच्या आसपास. आपापल्या गावाचा फरक काढा आणि खाली लिहा. आपल्या घड्याळातली वेळ आपली नाही, ती कुणीतरी सांगितलेली आहे, याची प्रचीती त्या एका वजाबाकीत येईल. सांगणारा कोण आणि तो खरे सांगतो का, हे विचारण्याची सवय मात्र प्रत्येकाला स्वतःच लावून घ्यावी लागते.